गिरणीवालीचा डावा कोपरा

चंद्रभागेची पिठाची गिरणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. पंचवटीत कुणाला तिचं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण 'गिरणीवाली' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवायचं. नवरा लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नाही. कळवणहून भाऊ न्यायला आला तर ही त्याला म्हणाली, "मी आले तर गिरणीचा पट्टा कोण चढवणार? तू?" भाऊ जेवला आणि एकटाच परत गेला. केसांत पीठ, भुवयांत पीठ, पापण्यांवर पीठ. चाळिशीच्या आतली बाई, पण पहिल्यांदा बघणारा तिला आजीच म्हणायचा.

या बाईने मुलींचा कबड्डीचा संघ काढला होता.

लहानपणी कळवणला ती भावांबरोबर हुतूतू खेळलेली. ते वेड अंगातून गेलं नव्हतं, पण आता स्वतः खेळायची सोय नव्हती. मग तिने दुसऱ्यांच्या पोरी धरल्या. आमच्यासारख्या बायका दळणाच्या डब्यात बघतात, ही डबा आणणारीकडे बघायची. सावित्री नावाची पोर रांगेत उभी असली की मागून कितीही रेटारेटी होवो, तिचा पाय जागचा हलायचा नाही. ही पकडीला घेतली. कला नावाची एक किडकिडीत पोर कुणाला कोपर न लावता रांगेतून पुढे सरकायची, बायकांना कळायचंसुद्धा नाही. बायका तिला शिव्या द्यायच्या. चंद्रभागेने तिला चढाईला घेतली.

दम वाढवायची तिची रीत तर अशी, की ऐकणाऱ्याला हसू यावं. गिरणी चालू करायची, पोरीला दाराबाहेर उभं करायचं आणि एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायला लावायची. जात्याच्या घरघरीतून आत ऐकू आली पाहिजे. नाही आली तर ही आतून ओरडायची, "मेलीस!" कबड्डीत बाद झालेल्याला मेला म्हणतात, पण रस्त्याने जाणाऱ्याला ते काय माहीत? एकदा एक भटजीबुवा दचकून उभेच राहिले होते.

मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण पोरींच्या आया म्हणाल्या, परगावी जायचं तर संगतीला एखादी संसारी बाई पाहिजे. चंद्रभागा विधवा, तिचं ऐकणार कोण? म्हणून मला नेत. पाण्याची कळशी सांभाळायची, लिंबं चिरायची, आणि मैदानाबाहेरून कुणी शिट्टी मारली तर त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं. हे शेवटचं मला चांगलं जमायचं.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. संघ एवढा तयार झाला की जिल्ह्याच्या स्पर्धेत लोक आमचं नाव घ्यायला लागले. आणि नेमकं त्याच वर्षी मालनचं लग्न झालं.

मालन आमचा डावा कोपरा. कोपरा म्हणजे ओळीच्या टोकाला उभी राहणारी. चढाई करणारी पोर आत आली की तिचा घोटा धरायचा, तो कितीही झाडला तरी सोडायचा नाही, तेवढ्यात बाकीच्या येऊन तिला दाबतात. कोपरा सुटला की सगळी ओळ सुटते. लग्न होऊन मालन गल्लीतच चार घरं पलीकडे गेली, पण चार घरं पलीकडे तिची सासू होती, भागीबाई. निफाडकडची, तोंडाने फटकळ. चंद्रभागा तिच्या दारात गेली तेव्हा मी बरोबर होते.

"खेळू द्या म्हणता?" भागीबाई म्हणाली. "खेळू दे. माझी काय हरकत नाय. पण अंगावरचं सौभाग्याचं काही उतरायचं नाय. लय हौसेनं चुडा भरलाय तिला. एक काच जरी कमी झाली ना, तर अख्ख्या गल्लीत सांगत फिरेन का गिरणीवालीनं माझ्या नव्या सुनेचे हात उघडे केले. मंग बघू कोण आपली पोर धाडतंय तुझ्याकडं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. विधवेने नव्या नवरीच्या बांगड्या उतरवल्या अशी बोंब झाली असती, तर दुसऱ्या दिवशी मैदानावर एक पोर आली नसती. चंद्रभागेलाही ते कळत होतं.

"एक काच हलणार नाही," ती म्हणाली.

खेळात अंगावर काही चालत नाही, नखंसुद्धा कापून यावं लागतं. पण आम्ही तोड काढली. मंगळसूत्र पोलक्याच्या आत घालून वरून चार टाके मारायचे. दोन्ही मनगटांवर हिरवा चुडा, त्यावर मांजरपाटाच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या. नाशकातले पंच ओळखीचे. नवी नवरी आहे म्हणून ते दुसरीकडे बघायचे.

आणि गंमत अशी, की लग्न झाल्यापासून मालनचा खेळ चढला. तिने घोटा धरला की सुटायचं नावच नाही. आडगावची असो, देवळालीची असो, मोठमोठ्या दांडग्या पोरी तिच्या हातात अडकल्या की मऊ व्हायच्या. चंद्रभागा मला म्हणाली, "आक्का, लग्न मानवलं बघा हिला. आता हिला शिकवायचं काही राहिलं नाही." त्या दिवसापासून तिने मालनकडून पकड घोटून घेणं बंदच केलं. सगळा वेळ कलाच्या चढाईवर घालायला लागली.

राखीव पोरींत पेठकडची एक होती, पुतळा. मावशीकडे राहायची, बोलायची कमी, आणि बोलली की तिच्या डोंगरातल्या बोलीला आमच्या पोरी हसायच्या. चंद्रभागेने तिला डाव्या कोपऱ्यालाच तयार करायला घेतली होती. एकदा सरावात ती चढाईला आली, मालनने तिचा घोटा धरला, तर हिने असा पाय झाडला की सुटून सरळ मधल्या रेषेवर. चिंधीखाली एक बांगडी पिचली. सगळ्या पोरी पुतळाच्या अंगावर धावून गेल्या, नवरीच्या चुड्यावर लाथ मारतेस? चंद्रभागाही चिडली. तिने पुतळाला आठवडाभर नुसती बसवून ठेवली. बांगडी आम्ही कासाराकडून गुपचूप भरून आणली, भागीबाईला पत्ता लागू दिला नाही.

अंतिम सामना मनमाडला होता. समोर मनमाडच्याच पोरी, रेल्वे कॉलनीतल्या, दूध-अंड्यावर वाढलेल्या. मैदानाला लागून रूळ. सकाळची एसटी धरून आम्ही गेलो, आणि गाडीत आमच्याबरोबर भागीबाई! तिची बहीण मनमाडला रेल्वे कॉलनीत राहायची. "सुनेचा खेळ बघायला बहिणीला बोलावलंय," ती म्हणाली. "तिला खोटं वाटतं का माझी सून एवढाल्या पोरी आपटते." चंद्रभागेने खिडकीबाहेर बघितलं ते मनमाड येईपर्यंत.

खेळायला उतरायच्या आधी पंच पोरींचे हात बघत आले. हे बाहेरगावचे, चष्मा लावलेले, ओळख ना पाळख. मालनपाशी थांबले.

"हे काय बांधलंय?"

"लागलंय तिला, सर," कला पटकन म्हणाली. कलाला खोटं बोलायलाही दम लागत नसे.

"दोन्ही हातांना? सारखंच?" पंचांनी चिंधीवर बोटाने दाबलं. आत काच करकरली. "काच आहे ही. कुणाच्या डोळ्यात गेली तर? काढा, नाहीतर दुसरी उतरवा. लवकर."

 मैदानाच्या कडेला सतरंजीवर भागीबाई बहिणीला घेऊन बसली होती, भोवती कॉलनीतल्या बायका. चंद्रभागा सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी मागे. 

"पंच काढा म्हणतात," चंद्रभागा म्हणाली. "मी तुम्हाला शब्द दिलाय. तुम्ही नाही म्हणालात तर मालन बसेल."

"मंग बसव."

"बसवते. मग डाव्या कोपऱ्याला पुतळा उतरेल. कच्ची आहे ती."

"म्हणजे हरशील?"

"बहुतेक."

मालन मागून आली होती. "आई, काढू द्या ना," ती म्हणाली. भागीबाईने तिच्याकडे बघितलंच नाही. बहिणीकडे बघितलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू होतं ते मला दिसलं, तर भागीबाईला दिसलं नसेल? पत्रांतून सुनेचं गुणगान केलेलं, आणि आता तीच सून बसणार.

"तू हात लावू नको, चंद्रभागे," भागीबाई उठत म्हणाली. "तुझा हात नाय लागायचा. आक्काबाई, तुम्ही चला."

मैदानामागे नळ होता. मनमाडचा नळ, धार करंगळीएवढी. मी मालनच्या हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी सरकवायला लागले.  पंचांची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. शेवटच्या दोन बांगड्या काही केल्या अंगठ्याच्या हाडावरून उतरेनात. भागीबाईने मला बाजूला केलं, पदराने ते मनगट झाकलं, डोळे मिटले आणि दगडाने त्या वाढवल्या. फुटल्या म्हणायचं नसतं. मग पदराचीच दशी तोडली, भज्यांच्या गाडीवरच्या बाईकडून चिमूटभर हळद मागून तिला फासली आणि दोन्ही मनगटांना बांधली. नवरीचा हात अगदीच मोकळा नको. "जा," म्हणाली. "आता एकेकीला आपट."

खेळ सुरू झाला. मनमाडची पहिली चढाई आली, एक उंच पोर, लांब ढांगा टाकणारी. मालन झेपावली, घोटा धरला. आम्ही ओरडायला तोंड उघडलं आणि ती पोर पाय झाडून निघूनही गेली. होतं असं एखाद्या वेळी. थोड्या वेळाने दुसरी आली. मालनने धरली. तीही सुटली, आणि जाताना सावित्रीलाही मारून गेली. मग मनमाडच्या पोरींनी ओळखलं. जी येईल ती डाव्या अंगाने यायला लागली. कला बिचारी एकेक गुण आणायची, आणि डावा कोपरा तो घालवायचा. भागीबाई आधी ओरडत होती, "धर गं, धर!" हळूहळू तिचा आवाज बंद झाला. बहिणीचा मात्र सुरू झाला.

मध्यंतराला आम्ही मागे होतो. पोरी लिंबू चोखत बसल्या, एकमेकींकडे बघेनात. चंद्रभागा मालनसमोर उकिडवी बसली आणि आपला पाय पुढे केला.

"धर."

मालनने दोन्ही हातांनी घोटा धरला. चंद्रभागेने पाय झाडला. सुटला.

"पुन्हा धर. जोर लाव."

पुन्हा सुटला. बाई जवळपास माझ्याच वयाची, दिवसभर पीठ खाणारी, आणि संघाच्या कोपऱ्याला तिचा पाय धरून ठेवता येत नव्हता.  मग चंद्रभागेने मान वळवून पुतळाला विचारलं, "त्या दिवशी तू हिच्या हातातून सुटलीस. कशी सुटलीस?"

पुतळा घाबरली. "पाय झाडला, मावशी. सगळ्या झाडतात तसाच."

"बाकीच्या झाडत नव्हत्या," चंद्रभागा हळू आवाजात म्हणाली.

तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. पाय झाडला की चिंधीखाली काच करकरायची. ती करकर ऐकली की समोरची पोर, कितीही दांडगी असली तरी, कुणाच्या तरी घरची लेक. नव्या नवरीचा चुडा आपल्या लाथेने फुटायला नको, म्हणून ती नकळत सैल पडायची, आणि तेवढ्यात बाकीच्या येऊन तिला दाबायच्या. महिनोन्‌महिने आम्ही मालनच्या हातांचं कौतुक केलं ते असं. मालनलाही माहीत नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत होती, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"मालन, तू बस," चंद्रभागा म्हणाली. "पुतळा, टोकाला."

सावित्री ताडकन उठली. "मावशी, तिने चुडा काढलाय! भागीबाईंनी स्वतःच्या हाताने... आता बसवलीत तर त्या आपल्याला सोडतील का? उद्या आमच्या आया आम्हाला धाडणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग हरू देत ना! दुसरा नंबर तरी मिळेलच. पुढच्या वर्षी बघू."

खरं होतं सावित्रीचं. मालनला तिथेच उभी ठेवली असती, आम्ही हरलो असतो, रडून-भेकून घरी आलो असतो, तर कुणी चंद्रभागेला बोल लावला नसता. उलट भागीबाईनेच म्हटलं असतं, पोरीने जीव तोडला पण नशीब नव्हतं. मीही तेच म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण चंद्रभागेच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं.

"या पोरी रोज सकाळी माझ्या दारात ओरडतात ते हरायला?" ती म्हणाली, आणि बदली सांगायला स्वतः पंचांकडे गेली. परत येताना भागीबाईच्या सतरंजीकडे एकदा बघितलं. भागीबाई उभी राहिली होती.

दुसरा डाव मी नीट बघितला नाही. अर्धा वेळ मी भागीबाईकडेच बघत होते, ती मैदानात घुसते की काय म्हणून. मालन माझ्याशेजारी येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "आक्का, मला वाटायचं माझ्या हातात जोर आहे."

मनमाडच्या उंच पोरीने नव्या कोपऱ्याकडे बघून हसतच चढाई केली. पुतळाने घोटा धरला. ती पोर झाडत होती, फरफटवत होती, पुतळाचं कोपर सोलून निघालं, आणि सावित्री येऊन पडेपर्यंत हात सुटला नाही. मेली ती! मग मात्र मनमाडच्या पोरी डाव्या अंगाला जपून यायला लागल्या, आणि आमची कला एकेक गुण ओढून आणायला लागली. बरोबरी झाली. वेळ संपत आला. कलाची शेवटची चढाई, आणि तेवढ्यात रुळांवरून मालगाडीचं इंजिन शिट्टी देत निघालं. पंच कानाला हात लावून पुढे वाकले. कबड्डीचा आवाज तुटला तर चढाई बाद. त्या गदारोळातून कलाचं कबड्डी कबड्डी आम्हाला कडेपर्यंत ऐकू येत होतं. ती वाकली, कुणाच्या तरी पाठीला बोट लावलं आणि रेषेवर येऊन पडली. एका गुणाने आम्ही जिंकलो.

पोरी नाचत होत्या. भागीबाई त्यांच्यातून चालत चंद्रभागेपुढे आली. नाचणं थांबलं.

"माझ्या सुनेचा चुडा उतरवला, आणि तिलाच बसवली."

"हो."

"का?"

पंचांवर घालता आलं असतं. मालनचा पाय मुरगळला म्हणता आलं असतं. मी तर तेवढ्यात दोन-तीन थापा तयारही ठेवल्या होत्या.

"तिला धरता येत नाही," चंद्रभागा म्हणाली. "समोरच्या पोरी चुड्याला भिऊन सैल पडत होत्या. मला ते कळलंच नाही. येतंय असं वाटलं म्हणून मी तिला शिकवणं सोडलं. तिची काही चूक नाही. तिला माझ्याकडे पाठवा, मी शिकवते."

 परतीच्या गाडीत भागीबाई मालनला घेऊन अगदी पुढे बसली. चांदवड गेलं, पिंपळगाव गेलं, तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. जिंकलेला कप कलाच्या मांडीवर होता, त्याच्याकडेही कुणी बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरी मैदानावर आल्या, पण एकेकीची आई बरोबर. कडेला बायकांची ही गर्दी. सगळ्या भागीबाईच्या तोंडाकडे डोळे लावून होत्या, ती काय म्हणते त्यावर पोरी राहणार की जाणार. भागीबाई आली. मागे मालन, मनगटांना अजून त्याच पिवळ्या दशा.

"कासाराकडे नाही नेलं?" कुणीतरी खोचकपणे विचारलं.

"नेईन ना. सणाला भरीन," भागीबाई म्हणाली. "रोज चुडा भरून हिला इथं धाडली तर पुन्हा तेच व्हायचं. माझ्या बहिणीनं लय ऐकवलंय मला, चंद्रभागे. तेवढं फिटेपर्यंत हिला सोडू नको."

चंद्रभागेने मालनला टोकाला उभी केली आणि पुतळाला चढाईला पाठवली. मालनने घोटा धरला. पुतळा बिचारी बिचकली, पाय नुसता हलवला. तर कडेवरून भागीबाई ओरडली, "ए पेठवाले, झाड की जोरात! आता काय चुडा हाय का तिच्या हातात?"

बायका हसल्या. पोरी राहिल्या.

मालनला कोपरा लगेच मिळाला नाही. तीन वर्षं ती राखीव बसली, मधे एक लेक झाला, तरी पहाटे येत राहिली. ब्याऐंशी साली पुतळाला रेल्वेत नोकरी लागली, त्यांच्या संघाकडून खेळायला ती गेली आणि डावी बाजू रिकामी झाली. सगळ्या म्हणाल्या, आता मालनचाच नंबर. चंद्रभागा म्हणाली, बघू. पदर खोचला आणि स्वतः चढाईला आली. चढाई कसली, दम केव्हाच गेलेला, पण मालनने धरलेला पाय तिने असा काही झाडला, असा काही झाडला, की शेवटी दोघी धुळीत. मालनचे हात तसेच घोट्यावर.

पुढे आठ दिवस चंद्रभागा लंगडत दळण दळत होती. पाय कशाने दुखावला असं कुणी विचारलं, की जात्याच्या आवाजावर ओरडून सांगायची, "माझ्या डाव्या कोपऱ्याने!"